डावा गुडघा

भंडाऱ्याची वाटी बाळासोनं सकाळीच देवळीतून काढून सोप्यातल्या पाटावर आणून ठेवली होती. महिपती तिच्यापासून हातभर दूर बसला होता आणि तिच्याकडे बघतही नव्हता.

“उचल की रं,” बाळासो म्हणाला. “बिरोबाचा भंडारा हाय, इस्तव न्हवं.”

“इस्तव असता तर उचलला असता, दादा.”

असल्या उत्तरांनी बाळासोचं डोकं फिरायचं. धाकट्या भावानं घर सोडून पंधरा वर्षं होत आली, नाटक कंपनीबरोबर गावोगाव फिरून तो निम्मा महाराष्ट्र पालथा घालून आला, पण थोरल्याला कुठं टोचतं हे काही तो विसरला नव्हता.

दुपारी वेळापूरचे गुंडा सरगर येणार होते. मायाक्काची, म्हणजे बाळासोच्या थोरल्या लेकीची, आज त्यांच्या पोराशी सुपारी फुटायची होती. पोरगी पसंत, घर पसंत, मंगळवार पेठेतलं घोंगड्यांचं दुकान तर फारच पसंत. पाहुणे मध्यस्थ तिप्पण्णाकडे उतरले होते, आणि तिप्पण्णानं काल येऊन एवढाच निरोप सांगितला होता की पोरीचा चुलता नाटकात तोंड रंगवतो हे त्यांच्या कानावर गेलंय. त्यानं पाच माणसांत भंडारा उचलून ‘पुन्हा तोंडाला रंग लावणार नाही’ असं म्हणावं, मग सुपारी. नाहीतर राम राम.

धनगराच्या घरात भंडारा उचलून दिलेला शब्द म्हणजे पुढचं बोलणं संपलं. कोर्टात सरळ तोंडानं साक्ष फिरवणारी माणसंही या शब्दाला फिरत नाहीत. गुंडा सरगरांना हे माहीत होतं, बाळासोला माहीत होतं आणि महिपतीला तर होतंच.

बाळासोनं दाराकडे बघून आवाज उतरवला. “हे बघ. म्हणून टाक. सांजच्या गाडीनं तू कोल्हापुरास जाणार. तितं तू रंग लाव न्हाय तर चुना लाव, वेळापूरचा कोण बघायला येतोय? रोज खोटं बोलतोसच की.”

“तितं मी खोटं बोलत न्हाय, दादा. म्होरं बसल्याली माणसं तिकीट काढून येत्यात. मी राजा न्हाय, शिपाई न्हाय, त्यास्नी ठाऊक असतंय. हितं सरगर खरं समजून घरी जाईल.”

“मंग खरंच सोड.”

“सोडणार न्हाय.”

महिपती हे चिडून बोलला नाही. दुकानात गिऱ्हाईकाला ‘हा रंग आमच्याकडे नाही’ असं सांगावं तसं बोलला. त्यामुळं बाळासोला भांडायलाही काही सापडेना. त्याला एकदम मोठा थकवा आला. मेंढरं मेली त्या दुष्काळात या घराला सोलापुरात कुणी आणलं? खांद्यावर घोंगड्या टाकून दारोदार कोण फिरलं? मार्शल लॉच्या साली दुकान बंद पडलं तेव्हा घर कुणी ओढलं? तेव्हा हे गृहस्थ कुठल्यातरी गावी दाढी चिकटवून बसले होते. आज एका शब्दाचं काम आहे तर तोही देववत नाही. हे त्याला मनापासून लागलं होतं, आणि त्यात काही चूकही नव्हतं.

“आण्णा,” त्यानं परसाकडे तोंड करून हाक मारली, “तुमी तरी सांगा.”

परसात दोन शेळ्यांना पाला टाकत बसलेल्या आण्णांनी, म्हणजे दोघांच्या बापानं, मान वर केली नाही. “त्याला म्हणावं,” ते म्हणाले, “ज्यानं त्यानं आपलं बघावं.”

महिपती घरातून गेला त्या दिवसापासून आण्णा त्याच्याशी असंच बोलत. तो दोन-चार वर्षांनी घरी यायचा, समोर बसायचा, आणि आण्णा दुसऱ्या कुणाला तरी सांगायचे की त्याला विचार, जेवला का.

*

स्वयंपाकघरात चिमाबाई गव्हाची खीर ढवळत होती आणि तिचा राग खिरीपेक्षा जास्त उकळत होता. पोरीच्या लग्नात दीर आडवा येतो, म्हणजे काय म्हणायचं? महिपती पाणी प्यायला आत आला तेव्हा तिनं तांब्या पुढं केला तो जरा आपटूनच.

“भावजी, एक इचारू? असं काय हाय त्या नाटकात? तुमी राजा बी होत न्हाय. गाणं बी म्हणत न्हाय. मागं उभं राहून ‘जी सरकार’ म्हणायचं, त्यापाय एवढं?”

चुलीपाशी लसूण सोलत बसलेली केराबाई हसली. केराबाई म्हणजे आण्णांची विधवा बहीण, सगळ्या घराची आत्ती. तोंडानं फटकळ आणि पायानं हिंडणारी.

“वैनी, खरं हाय तुमचं,” महिपती म्हणाला आणि पाटावर टेकला. “राजा व्हायला गळा लागतो आन् रूप लागतं. माझ्या तोंडावर देवीचे वण. पैल्यांदा मी पेट्या उचलायलाच गेलतो. रंग लावणारे फकीरभाई एकदा माझ्या हनुवटीला धरून बघत बसले आन् म्हणाले, ‘बेटा, तेरा चेहरा कोरी स्लेट है, कुछ भी लिख लो.’ त्या दिवशी म्हातारा पुजारी करणारा माणूस तापानं पडला हुता. माझं वय कवळं, पण मी म्हातारा झालो. मंग पठाण झालो, हिंग इकणाऱ्याची चाल घेतली. सायब झालो, सोलापूर टेसनावर गिरणीचा सायब गाडीतनं उतरताना बघितला हुता. सावकार झालो, दरोडेखोर झालो, राणीची म्हातारी दासी झालो—”

“ती मी हुते,” केराबाई म्हणाली.

चिमाबाईचा खिरीतला डाव थांबला.

“बघती काय? पलीकडच्या पार्वतम्मासंगं गेलते की मी. आण्णाला सांगितलं, भजनाला जाते. पडदा वर गेला आन् एक म्हातारी आली, कंबरेवर हात, बोलायच्या आदी नाक वढती. लोक हसाय लागलं. पार्वतम्मा म्हणती, ‘केराबाई, तू हितं हायस मग तितं कोण?’” केराबाईनं बोलायच्या आधी नाक ओढलं होतंच, ते तिच्याही लक्षात आलं. “मला राग बी आला आन् हसू बी. घरी येऊन लई रडले. म्हटलं, पोरगं घरात नसतं, पर आमास्नी संगं घेऊन फिरतंय.”

महिपती खाली बघत होता. “आता कंपनी मोडली. शेवटचा खेळ मोडनिंबात झाला, म्होरं निम्म्या खुर्च्या रिकाम्या. बोलपट आल्यात न्हवं. कोल्हापूरच्या कंपनीनं बोलावलंय. एकाच चित्रात तीन कामं, तुरुंगाचा जमादार, आंधळा फकीर आन् सावकाराची आई. तीन माणसं करायला एकच माणूस बोलावलाय, वैनी. असं आजवर मला कुणी बोलावलं नव्हतं.”

हे सांगताना त्याचा चेहरा असा काही उजळला की चिमाबाईला आपल्या मायाक्काची आठवण झाली; काल नवी साडी अंगाला लावून बघताना पोरगी अशीच दिसत होती. तिचा राग कमी झाला असं नाही, पण तिला तो धरून ठेवायला जड जाऊ लागला.

तेवढ्यात बाळासो आत आला. “समजाव गं तूच ह्याला. म्हटलं, खोटा तर खोटा उचल, पाहुणं जाऊ देत—”

“खोटा?” चिमाबाईनं डाव पातेल्यात सोडला. “खोटा भंडारा उचलायला सांगताय? माझ्या लेकीच्या सुपारीला?”

“अगं, येका शब्दाचं—”

“बिरोबाचा हाय त्यो. तुमचं काय जाणार? ती नांदायला जाणार हाय. उद्या तिचं पोर आजारी पडलं तर मी काय म्हणू, तिच्या बापानं तिच्या संसाराखाली खोटा भंडारा पेरला?” ती दिराकडे वळली. “भावजी, उचलू नका. खरा उचलणार नसाल तर हात बी लावू नका. मोडू दे लगीन.”

बायको आपल्या बाजूला आहे या भरवशावर बाळासो आत आला होता. तो दारातच उभा राहिला.

*

पाहुणे आले ते ऊन कलल्यावर. गुंडा सरगर पुढं, मागं त्यांचा पोरगा आणि तिप्पण्णा. सरगर उंच, हाडापेरानं मोठे, खांद्यावर काळी घोंगडी, ओठांवर झाडूसारख्या मिशा. त्यांनी बसल्याबसल्या पाटावरची वाटी बघितली, महिपतीला बघितलं आणि सरळ मुद्द्यावर आले.

“तुमी म्हणाल, ह्याला नाटकाचा एवढा राग का. सांगतो. मी जल्मात एकच नाटक बघितलं. अकलूजला, पौषात. एडके घ्यायला गेलतो, गड्यानं वढून नेलं. तितं त्या लोकांनी एक म्हातारा धनगर आणून बसवला हुता. उघडा. अंगावर सदरा न्हाय. मेंढरं मेल्याली, आन् म्हातारा मेंढरं कोंडायचं जाळं गुंडाळत बसलाय. थंडीनं हुडहुडी भरल्याली त्याला. आन् आजूबाजूला ही माणसं तंगड्या पसरून बघत्यात. मला ऱ्हावलं न्हाय. मी उठलो, वर चढलो आन् माझं घोंगडं त्याच्या अंगावर टाकून आलो.” सरगरांनी खांद्यावरची घोंगडी सारखी केली. “लोक हसलं. हसू देत. पर जी माणसं पोटापायी म्हाताऱ्या माणसाला तमाशाला बसवत्यात, त्यांच्या घरची पोरगी मी सून करून नेणार न्हाय.”

महिपतीची नजर कोपऱ्याकडे गेली. बाळासो काकुळतीनं म्हणाला, “पावणं, आमचा म्हातारा अजून आला न्हाय बाहेर. तुमी आदी भेटा, मंग बोलू. आण्णा, या की.”

परसातून आण्णा आले. उंबऱ्याशी थांबले, गुडघ्यावर हात ठेवला, कमरेतून एकदा वाकले आणि मग पाय आत टाकला. या घरात ते सगळ्यांनी इतक्या वेळा बघितलं होतं की कुणी बघतही नसे. सरगरांनी मात्र बघितलं. ते बसल्या जागेवरून उठले.

“हेच ते,” ते म्हणाले.

“कोण?” बाळासो म्हणाला.

“त्यो म्हातारा. अकलूजचा.” सरगर आण्णांच्या जवळ गेले, त्यांच्या तोंडाकडे, मानेकडे, हाताकडे बघितलं. “आठवलं का, पावणं? मी घोंगडं टाकलं हुतं तुमच्यावर.” मग ते बाळासोकडे वळले, आणि आता त्यांचा चेहरा लाल झाला होता. “भाऊ गेला नाटकात ते गेलं. वर बापाला बी नेऊन बसवलात? घोंगड्यांचं दुकान हाय तुमचं, आन् बाप उघडा?”

आण्णांनी सगळ्यांकडे आळीपाळीनं बघितलं. आयुष्यात तंबूच्या आत पाऊल न टाकलेल्या माणसावर असा आळ यावा, हे त्यांच्या डोक्यात शिरतच नव्हतं.

“मी नाटकात?” ते म्हणाले.

दाराआड उभ्या केराबाईनं पदर तोंडाला लावला. तिला कळलं होतं. महिपती उठला, कोपऱ्यातल्या आपल्या पेटीकडे गेला, तळातून एक घोंगडं काढलं आणि सरगरांच्या पुढं धरलं. घोंगड्याच्या एका कोपऱ्याला तांबड्या दोऱ्याचा टाका होता.

“आमच्या मंडळीनं घातलाय त्यो,” सरगर म्हणाले. “तुझ्याजवळ कसा?”

“तुमी माझ्याच अंगावर टाकलं हुतं. आण्णा कदी गेलं न्हाय तितं. मीच त्यो म्हातारा.”

“गप. त्यो माणूस सत्तरीचा हुता.”

“मी पंचविशीचा हुतो.”

सरगरांनी त्याला खालीवर बघितलं. मग त्यांनी मान हलवली. “भावाला आन् बापाला झाकाय लागलास. चांगली गोष्ट हाय, पर मी आंधळा न्हाय. मी हाताच्या अंतरावरनं बघितलाय त्याला.”

लग्न तर गेलंच, वर म्हाताऱ्या बापाला उघडा बसवणारं घर म्हणून वेळापुरापर्यंत नाव जाणार, हे बाळासोला स्पष्ट दिसत होतं. आण्णा खाली बसले, भिंतीला पाठ टेकली आणि तिप्पण्णाला म्हणाले, “त्याला म्हणावं, करून दाखव.”

*

महिपतीनं फेटा काढला, सदरा काढला. तोंडाला काही लावलं नाही. सोप्याच्या मधोमध जाऊन तो पाठमोरा उभा राहिला आणि वळला तेव्हा त्याचे खांदे उतरले होते.

आण्णा बघत होते. आधी त्यांना पोरगाच दिसला, वाढलेल्या वयाचा, बरगड्या निघालेला. मग पोरगा खाली बसला आणि नसलेलं जाळं ओढू लागला. हातानं गाठी चाचपल्या, सुटलेली एक गाठ परत बांधली, घडीवर घडी घातली, आणि घडी वाकडी झाली म्हणून उलगडून पुन्हा घातली.

सांगोल्याकडचा तो माळ आण्णांनी कुणाजवळ कधी काढला नव्हता. सकाळ होती. शेवटची मेंढी आदल्या दिवशी गेली होती. जाळ्यात कोंडायला काही उरलं नव्हतं, तरी रोजच्यासारखं ते जाळं त्यांनी गुंडाळलं, कारण सकाळी उठून दुसरं काय करायचं हे त्यांना माहीत नव्हतं. घडी वाकडी झाली होती. ती त्यांनी नीट केली होती. आपल्याला कुणी बघतंय असं त्यांना वाटलंच नव्हतं. समोर दगडावर रिकामी चरवी घेऊन धाकटा बसला होता, पण पोरांना काय कळतं, असं ते धरून चालले होते. पुढं त्याच साली पोरगा पळाला, आणि आण्णांना वाटलं, वाईट दिवस बघून पळाला. दिवस संगं घेऊन गेला होता हे त्यांना आज कळत होतं.

जाळं बाजूला ठेवून महिपतीनं हात पोटाशी घेतले. त्याचं अंग थरथरू लागलं. फाल्गुनातल्या सोलापुरात, दुपार कलताना, चिमाबाईनं दाराआड अंगावर पदर घेतला. सरगरांच्या मांडीवर ते जुनं घोंगडं होतं. त्यांना आता सगळं माहीत होतं, तरी ते घोंगडं घेऊन अर्धे उठले, आणि आपल्या पोराकडे बघून परत खाली बसले.

महिपती गुडघ्यावर हात ठेवून उठला, कमरेतून वाकला आणि चालत भिंतीपाशी गेला. तिथं तो सरळ झाला आणि सदरा शोधू लागला.

मायाक्का आतल्या खोलीत स्फुंदत होती, ते सगळ्यांना ऐकू येत होतं.

“डावा,” आण्णा म्हणाले.

“काय, आण्णा?” बाळासोनं विचारलं.

आण्णांनी बाळासोकडे बघितलं नाही. “माझा डावा गुडघा दुकतो. तू उजवा धरलास.”

महिपतीच्या हातातला सदरा तसाच राहिला. किती वर्षांनी बाप त्याला ‘तू’ म्हणाला होता. चिमाबाईच्या ते आधी लक्षात आलं आणि तिनं केराबाईचा हात घट्ट धरला.

“मी म्होरं बसलो हुतो, आण्णा,” महिपती म्हणाला, आणि दिवसभर न हललेला त्याचा आवाज आता हलला. “मला त्याच बाजूला दिसला.”

“म्होरं बसून चाल कळती व्हय? मेंढक्याच्या पोरानं मागनं चालायचं असतंय.” आण्णांनी पाटावरची वाटी जवळ ओढली. बाळासो पुढं झाला, पण त्यांनी हातानं थांबवलं. “ह्यानं भंडारा उचलायचा न्हाय. माझं म्हणणं झालं.” त्यांनी दोन बोटांत भंडारा घेतला आणि महिपती वाकला तेव्हा त्याच्या कपाळाला लावला. मग सरगरांकडे वळून म्हणाले, “पावणं, आता तुमी तुमचं सांगा.”

सरगरांनी मिशीवरून हात फिरवला. “माझं सांगायचं काय राह्यलं? म्हाताऱ्याला उघडा बसवला म्हणून मी चिडलो हुतो. म्हातारा नव्हताच की. इतकी वर्षं मी फुकट चिडलो.” त्यांनी पोराकडे बघितलं, तिप्पण्णाकडे बघितलं. “फोडा सुपारी. पर एक हाय. लग्नात ह्यानं माझं सोंग आणायचं न्हाय. तेवढं कबूल करा.”

“तसा शब्द देत न्हाय, पावणं,” महिपती म्हणाला.

बाळासोनं डोळे मिटले. सरगर मात्र मोठ्यानं हसले. “मंग निदान मिश्या तरी नीट लाव,” ते म्हणाले, आणि केराबाईनं आतून खिरीच्या वाट्या पाठवल्या.

*

उन्हं गिरणीच्या चिमण्यांमागं गेल्यावर महिपती निघाला. कुर्डुवाडीला गाडी बदलून मिरजेकडे जायचं होतं. तो पेटी उचलायला वाकला तोवर बाळासोनं ती खांद्यावर घेतली होती.

“दादा, मी घेतो.”

“तू पेट्या उचलायला न्हाय चाललास आता,” बाळासो म्हणाला. तो अजून नीट हसत नव्हता. त्याच्या मनातलं सगळं काही एका दुपारीत फिटण्यासारखं नव्हतं. पण पेटी त्यानं सोडली नाही.

दारात आण्णा काठी घेऊन उभे होते. कुणाला काही न सांगता ते रस्त्याला लागले. महिपती त्यांच्या मागून चालू लागला. चार पावलं अंतर ठेवून, त्यांच्या डाव्या पायावर नजर लावून. पाय टेकताना टाच आधी पडत नव्हती, बाहेरची कड पडत होती, आणि म्हणून खांदा उतरत होता. समोरून हे कधीच दिसलं नसतं. त्यानं आपला डावा पाय तसा टाकून बघितला. जमलं नाही. पुन्हा टाकला. गिरणीतून सुटलेल्या पाळीची माणसं थांबून बघू लागली की म्हातारा पुढं लंगडतोय आणि मागचा धडधाकट माणूस त्याच्यासारखा लंगडायला का बघतोय. महिपतीला त्याचं काही नव्हतं.

चौकात स्टेशनाचा रस्ता उजवीकडे वळला. आण्णा सरळ पुढं गेले, तळ्याकडच्या लांबच्या वाटेनं.

“आण्णा,” बाळासोनं मागून हाक मारली, “टेसन इकडं.”

“ठाऊक हाय,” आण्णा मागं न बघता म्हणाले. “गाडीला येळ हाय अजून. त्याला बरुबर जमलं न्हाय.”